थंडी पडू दे

श्रावणातल्या एका सकाळी बेळगावहून निघताना मोठ्या जाऊबाईंनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी माझ्या हाती दिली. त्यांच्या परसात विहिरीपाशी दोन झाडे होती. एक पांढऱ्या फुलांचे, दुसरे गुलाबी फुलांचे. वीतभर लांबीची, कर्ण्याच्या आकाराची ती फुले खाली तोंड करून लोंबत आणि दिवेलागणीला त्यांचा सुवास ओसरीपर्यंत येई. आठ दिवस रोज संध्याकाळी मी गुलाबी झाडाखाली उभी राहत असे. जाऊबाईंनी ते पाहिले असावे. "फाट्याच्या वरची फांदी आहे, लवकर फुलेल. गुलाबीच आहे हो," त्या म्हणाल्या.

या झाडाचे नाव ब्रुग्मान्सिया. आपल्या धोतऱ्याचे हे जवळचे भावंड. धोतऱ्याचे फूल वर पाहते, याचे खाली. धोतऱ्याच्या फळाला काटे असतात, याच्या फळाला नसतात. इंग्रजांनी त्याला देवदूताचा कर्णा म्हटले. आमच्या घरी देवदूत गळाला आणि नुसता 'कर्णा' उरला.

इंदूरला आल्यावर फांदीचे दोन तुकडे करून मी दोन कुंड्यांत लावले. एक कुंडी गच्चीवर ठेवली, दुसरी मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीला. दोन्ही तुकडे जगले. चैत्र सरता सरता, पारा 40 अंशांकडे चढत असताना गच्चीवरच्या झाडाला पहिल्या कळ्या आल्या. फूल उमलले ते पांढरे. दुसऱ्या दिवशीही पांढरेच. तिसऱ्या दिवशी ते कोमेजून गळून पडले.

वाईट वाटले, परंतु वाईट वाटण्यापेक्षा मनात दुसरेच काही जागे झाले. सासूबाईंच्या पश्चात घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा त्यांचा चांदीचा करंडा बेळगावलाच राहिला होता. त्याबद्दल मी कधी काही बोलले नव्हते, पण विसरलेही नव्हते. आता वाटले, करंड्यासारखेच हेही. गुलाबी झाड आपल्यापाशी ठेवून पांढऱ्याची फांदी मला दिली. अंगणातल्या झाडाला त्याच सुमारास आलेल्या दोन फुलांच्या कडांवर किंचित गुलाबी झाक होती. ती मला दिसली होती. पण मन एकदा कडू झाले, की माणूस आपल्याला हवे तेवढेच पाहतो.

त्या रात्री फोनवर मी म्हणाले, "वहिनी, गुलाबी रंग बेळगावातच राहिला वाटतं." बोलणे हसत केले होते, तरी त्यातला काटा त्यांना कळला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, थंडी पडू दे." आणि मुलांची चौकशी करू लागल्या.

शेजारच्या एका बागप्रेमी गृहस्थांनी मातीला दोष दिला. हायड्रेंजियाची फुले आम्ल मातीत निळी आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी होतात, हे खरेच आहे. माळव्याची काळी माती कोकणपट्टीच्या जवळच्या त्या तांबड्या मातीसारखी नाही, हेही खरे. म्हणून शेणखत घातले, निंबोळी पेंड घातली. ज्येष्ठात कळ्या उमलण्यापूर्वीच गळू लागल्या आणि मी त्या झाडाकडे पाहणे सोडून दिले.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात रात्रीचा पारा 10-12 अंशांपर्यंत उतरू लागला. एका सकाळी गच्चीवर वाळवण घालायला गेले, तो झाडावर सात-आठ कळ्या लोंबताना दिसल्या. त्यातली एक संध्याकाळी उमलली, हिरवट पांढरी. दुसऱ्या दिवशी तिच्या कडेवर रंग चढला. तिसऱ्या दिवशी सगळे फूल लाल पेरूच्या गरासारखे गुलाबी झाले. बेळगावच्या विहिरीपाशी पाहिलेला तोच रंग. कुंडी तीच, माती तीच, झाड तेच. बदलली होती ती फक्त हवा.

मग मी या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. हे फूल उमलताना फिकट असते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला रंग चढतो. उन्हाळ्यात ते दोन दिवसांतच कोमेजते, रंग चढायला अवधीच मिळत नाही. थंडीत ते अधिक दिवस टिकते. शिवाय पुष्कळ फुलांना गुलाबी, तांबड्या, जांभळ्या छटा देणारे अँथोसायनिन नावाचे जे रंगद्रव्य आहे, ते गार हवेत आणि चांगल्या उजेडात भरपूर तयार होते. उष्म्यात ते कमी तयार होते आणि झालेलेही लवकर विरते. दारातला गर्द लाल गुलाब वैशाखात लहान आणि फिका का दिसतो, हे मला इतक्या वर्षांनी कळले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर. श्रावणात तेथे भर दुपारीही हवा गार. मी रंग पाहिला तो त्या हवेत, आणि तोच रंग मागत होते माळव्यातल्या चैत्राकडे!

आणखी एक गोष्ट वाचली, तिने मात्र मला खाली पाहायला लावले. या झाडाचे मूळ घर दक्षिण अमेरिका. त्याच्या बहुतेक जाती तिकडच्या अँडीज पर्वताच्या आश्रयाने वाढलेल्या. त्याच्या साती जाती त्यांच्या मूळ रानांतून नाहीशा झाल्याचे तज्ज्ञ मानतात. ही झाडे आज टिकून आहेत ती माणसांच्या परसात. कोणीतरी कोणाला तरी फांदी तोडून दिली म्हणून. देणाऱ्याच्या हातावर जगणारे झाड माझ्या दारी आले, आणि मी संशय घेतला तो त्या देणाऱ्या हाताचाच.

त्या संध्याकाळी मी फोन केला. "वहिनी, फूल गुलाबी आलं. चैत्रात मी तुम्हाला वेडंवाकडं बोलले."

"काय बोलली होतीस? मला नाही बाई आठवत," त्या म्हणाल्या. त्यांना शेजारणीच्या बारशातले जेवणाचे पदार्थ दहा वर्षांनंतरही आठवतात. मी पुढे काही बोलले नाही. करंड्याचा विषयही त्या दिवशी मनातून उतरला, तो पुन्हा चढला नाही.

यंदा पावसाळ्यात माझी लेक बडोद्याहून आली होती. जाताना तिला फाट्याच्या वरची एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. सांगण्यासारखे होते ते सगळे सांगितले. हे झाड धोतऱ्यासारखेच मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. छाटल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नकोस, बाहुल्या विस्फारतात. नातवंडांच्या हाताला येईल अशा जागी कुंडी ठेवू नकोस. दुपारचे ऊन टाळ. पाणी भरपूर घाल.

"आणि रंग?" तिने विचारले.

"गुलाबीच आहे. उन्हाळ्यात पांढरे फूल आले तर मला फोन कर," मी म्हणाले, "पण बोलण्याआधी थंडी पडू दे."