फाइट कोणाच्या हद्दीत?

पोलिसपटाच्या स्क्रिप्टमध्ये मारामारी बहुतेकदा एका ओळीत उरकलेली असते: ‘दोघांत जोरदार फाइट.’ बाकीचं फाइट मास्टर बघून घेईल. मला हा आळस वाटतो. ठोसा कसा बसावा हे त्याचं काम खरं, पण तो मारल्याने पोलिसाचं काय बिघडणार आहे, हे लेखकानेच लिहायचं असतं. मुंबईत वर्दीतल्या माणसाच्या हाताला हद्द आडवी येते, वरून आलेला फोन आडवा येतो, कोर्ट आडवं येतं. थरार त्या अडण्यात आहे. गाड्या उडवणं त्यामानाने सोपं. निर्मात्याकडे पैसे असले की झालं.

‘अर्धसत्य’ (१९८३) घ्या. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या अंगात रग आहे, पण गुंड रामा शेट्टीपर्यंत पोचलेला त्याचा हात वरच्या एका शब्दासरशी मागे येतो. तुंबलेली ती रग शेवटी कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघते आणि तो मरतो. आधीची अडवणूक काढून टाका, तीच मारहाण निव्वळ क्रौर्य होऊन बसेल. ‘ब्लॅक फ्रायडे’मधला झोपडपट्टीतला पाठलागही असाच. पळणारा दमतो, मागचे पोलीस त्याच्याहून दमतात, धाप लागून चालू लागतात. पाठलाग बघताना हसू येतं आणि तरीही नजर हलत नाही, कारण इथे शहराची बोळं आणि माणसाचं फुप्फुस दोन्ही खरी आहेत.

यावर ठरलेला आक्षेप असा, की लोक शिट्ट्या मारायला येतात, कागदपत्रं बघायला नाही. मग ‘सिंघम’कडे (२०११) बघू. त्यातलं वैर पेटतं ते एका सहीवरून. जामिनाच्या अटीप्रमाणे खलनायक जयकांत शिक्रेने शिवगडच्या ठाण्यात हजेरी लावायची असते. तो स्वतः न येता माणसं पाठवतो आणि इन्स्पेक्टर बाजीराव सिंघम अडून बसतो, की सही त्यानेच येऊन करायची. मूळ तमिळ ‘सिंगम’मध्येही (२०१०) हीच खुंटी आहे. पुढच्या सगळ्या डरकाळ्या हजेरीच्या त्या वहीवर उभ्या आहेत.

दुसरा आक्षेप जाणकाराचा: झिरो एफआयआर असताना हद्दीचा बाऊ कशाला? गुन्हा कुठेही नोंदवता येतो हे बरोबर, पण तपास शेवटी कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. पादचारी पुलावर वार झाला आणि माणूस जिना उतरून फलाटावर कोसळला, तर शहर पोलीस की लोहमार्ग पोलीस? दोन ठाण्यांचे हवालदार रक्ताच्या थेंबांवरून वाद घालताहेत आणि मारेकरी समोरच्या लोकलला लटकतोय, हा सीन लिहायला फाइट मास्टर लागत नाही. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, पण प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. एवढ्या एका सवलतीत पटकथेचा अख्खा उत्तरार्ध मावेल.

गोळीबाराचंही तसंच. तो पडद्यावर दहा सेकंदांत संपतो. मग रात्री दोन वाजता झोपेतून उठवून आणलेले दोन पंच बॅटरीच्या उजेडात गटाराशी वाकून रिकाम्या पुंगळ्या शोधतात. झाडलेल्या गोळ्या सहा, सापडल्या पाच. लिहायला बसायचं ते इथून.