आप्पांचे रीळ

मारुंजीच्या घरी माझ्यापाशी आठ मिलिमीटरचे पाच जुने घरगुती प्रोजेक्टर आहेत. घरची मंडळी त्यास परिग्रह म्हणतात आणि तो आरोप मला नाकारता येत नाही. परंतु या नादाचे मूळ एकाच डब्यात आहे.

१९६७ साली श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उसन्या कॅमेऱ्याने एक रीळ टिपले. पन्नास फूट लांबीचे. सेकंदास सोळा चित्रे या गतीने जेमतेम चार मिनिटांचे. सत्तावन्न फुटी मूर्तीच्या मस्तकावरून दुधाची धार खांद्यांवर उतरते, तेवढ्यासाठी आई दर पर्युषणात ते पाहते. रिळाची प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. पण भिंतीवर पांढरे धोतर ताणून प्रोजेक्टर लावला, की आईला चष्माही लागत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात ओल फार. एकदा रिळाच्या कडेला बुरशीचा ठिपका दिसला, म्हणून त्यावर वाचू लागलो आणि थबकलो. फिल्मची पट्टी वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनते. परंतु चित्र धरून ठेवणारा तिच्यावरील पातळ थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेला असतो. बुरशी वाढते ती त्यावरच. औषधाची कॅप्सूलसुद्धा फोडून आतली पूड पाण्याबरोबर घेणारे आप्पा! त्यांना याची कल्पना असणे शक्यच नव्हते. बाहुबलींचा अभिषेक त्याच थरावर उमटला होता.

आई व्रती आहे. तिला सांगावे की नाही, यात दोन महिने गेले. लपवून दाखवणे अधिक वाईट वाटले, म्हणून शेवटी सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले,

“नवी फिल्म आणतोस का रे?”

“नाही, आई. जुनीच सांभाळतो.”

“मग हिला ओल लागू देऊ नकोस.”

तिचा रोख मला कळला. बुरशी अनंतकाय, एकदा धरली की पुसताना जीवघात अटळ. ती उत्पन्नच होऊ न देणे, एवढीच यतना आपल्या हाती. तेव्हापासून रीळ कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह असते. प्रोजेक्टरही पंधरवड्याला फिल्मविना फिरवून घेतो, नाहीतर रबरी पट्टे ताठरतात.

यंदा आषाढ लागण्यापूर्वीच पुड्या बदलल्या. आईने धोतर धुऊन ठेवले आहे.