तळीरामाचे भाषांतर

मागल्या पावसाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी डोंबिवलीच्या घरी आली. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर तिने समाजकार्याची पदवी मिळवली. सध्या ती कल्याणच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. तिच्या पिशवीत एक जाडजूड झेरॉक्स वही होती. नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत उतरवलेली. "सर, हे मराठी वाचून आमची मुले पुन्हा इंग्रजी प्रत मागतात. तुम्ही भाषा तेवढी पाहून द्याल का?" भाषा तेवढी पाहून देणे हा उद्योग आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. होकार देताना काहीच जड गेले नाही. जड गेले ते नंतर.

वहीच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता : 'सेवार्थी प्रमाणित पेयाची किती एकके प्राशन करतो?' मूळ प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतला, अगदी साधा. परंतु कोळसेवाडीतला माणूस एकके प्राशन करीत नाही. तो नाइंटी मारतो, क्वार्टर लावतो, खिशात चपटी बाळगतो. समुपदेशकाला हे हिशेब मनातल्या मनात करता आले पाहिजेत. एका प्रमाणित पेयात दहा ग्रॅम मद्यार्क धरला, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे साठ ग्रॅम भरतो. म्हणजे "रोज एकच क्वार्टर हो" असे सांगणारा गृहस्थ सहा प्याल्यांची कबुली देत असतो. वहीत हा हिशेब नव्हताच. पुढे 'उत्कट अभिलाषा' आली. मराठीत तिला तलफ म्हणतात आणि तो शब्द विडीकाडीपासून दारूपर्यंत सगळीकडे चालतो. 'विनिवर्तन लक्षणे' आली. गर्द ओढणारी मुले त्याला टर्की म्हणतात. आणि 'पुनःस्खलन' आले, ज्यावर प्रशिक्षणवर्गात काय हशा पिकला असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

इथवर आम्ही मजेत होतो. तांबडी शाई वापरण्याचे सुख काही औरच असते.

विनिवर्तन लक्षणांचे प्रकरण वाचताना मात्र आम्हाला थांबावे लागले. १९९८ सालची गणेशचतुर्थी. आमचा थोरला भाऊ, दादा, तेव्हा पंधरा वर्षे पीत होता. आईने त्याला मखरासमोर उभे केले आणि शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली, आणि पाळलीही. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके कापत होते की आरतीचे तबक धरवेना. आम्हाला वाटले, लाज वाटते आहे. तिसऱ्या रात्री तो घामाने निथळत उठून बसला आणि भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग तो वडिलांशी बोलू लागला, जे जाऊन चार वर्षे झाली होती. घरात दोन मते पडली. मावशी म्हणाली, बाहेरचे काहीतरी आहे. आम्ही, म्हणजे घरातले शिकलेले, म्हणालो की दारू मिळावी म्हणून हे नाटक चालले आहे. नाटकाचे प्राध्यापकच आम्ही. पहाटे त्याला झटका आला तेव्हा रिक्षातून घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू कधी सोडली?" सोडली, तीन दिवस झाले, असे आम्ही अभिमानाने सांगितले.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जमवून घेतलेले असते. ती एकाएकी काढून घेतली की आतली यंत्रणा बेलगाम होते. काही तासांत कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ती भ्रमाची अवस्था येते जिच्यात माणूस दगावू शकतो. वैद्यकीय देखरेख, शामक औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व यांनी ती टळते किंवा आटोक्यात येते. शपथेने टळत नाही. ही गोष्ट वहीत एकोणचाळिसाव्या पानावर, एका साडेसात ओळींच्या वाक्यात दडलेली होती. आम्ही ती पहिल्या पानावर आणली : 'रोज पिणाऱ्याला घरच्या घरी अचानक दारू सोडायला लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.' त्याखाली १४४४६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक टाकला. या एका वाक्यासाठी आम्ही सत्तावीस वर्षे उशीर केला आहे.

आता 'एकच प्याला'. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीच, हे नाटक रंगभूमीवर आले. ठाण्याच्या रंगायतनाला त्यांचेच नाव आहे, त्यामुळे तलावपाळीवर भेळ खाणाऱ्या माणसालाही ते ठाऊक असतात. आम्ही हे नाटक वर्षानुवर्षे शिकवले. सुधाकर दारू सोडतो, कामधंदा मागायला ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो, तिथे त्याची हेटाळणी होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, हा भाग आम्ही 'कथानकाला खीळ घालणारी लांबण' म्हणून वर्गात उरकत असू. आज ती वही बाजूला ठेवून वाचले तर दिसते की व्यसन परत का लागते याचे इतके नेमके निदान आमच्या भाषेत फार थोड्या ठिकाणी आहे. दारूच्या पायऱ्या सुधाकर रामलालला समजावून देतो. जेलिनेक या संशोधकाने मद्यासक्तीचे टप्पे मांडले ते १९५२ मध्ये. तुलना ताणायची नाही. पण मराठीच्या अध्यापकाने ती एकदाही करू नये, हे मात्र शोभत नाही.

आमच्या भाषेने या नाटकातून उचलले काय? सुधाकर नव्हे, भगीरथही नव्हे, जो दारू सोडून कामाला लागतो. उचलला तळीराम. दर १ जानेवारीच्या वृत्तपत्रात 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा असतो. तोच बातमीदार कल्याण स्थानकाबाहेरच्या पोरांना 'गर्दुल्ले' म्हणतो. यात काय बिघडले, असे आम्हालाही वाटत असे. अमेरिकेत केली आणि वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच माणसाचे वर्णन दोन प्रकारे दिले : एकात त्याला 'ॲब्यूजर' म्हटले होते, दुसऱ्यात पदार्थसेवनाचा विकार असलेला. पहिले वर्णन वाचणाऱ्यांचा कल त्याला दोषी मानून शिक्षेच्या उपायांकडे अधिक झुकला. ही सारी प्रशिक्षित माणसे होती. तिथे बातमीदाराची आणि आमची काय कथा!

मराठीत या कामाची शिदोरी नाहीच, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. अनिल अवचटांनी गर्द ओढणाऱ्यांशी बोलून जे लिहिले ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या देखरेखीखाली 'मुक्तांगण' सुरू झाले. ललित म्हणावे की वृत्तान्त, अशा गद्यातून एक उपचारकेंद्र उभे राहिल्याचे असे उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही. आमच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. मन या विषयावर सोप्या मराठीत बोलता येते हे तिने इथल्या दोन पिढ्यांना दाखवले. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला असतो. उरलेल्या ३७ जणांना भेटणार ती आशाताई, शाळेतले मास्तर, किंवा केंद्रातली ही नवी मुले. त्यांच्या हाती ही वही.

वहीची दुरुस्त प्रत आम्ही दादाला वाचायला दिली. १९९८ नंतर तो तीनदा पुन्हा पिऊ लागला होता. २००६ पासून प्यालेला नाही. आठवड्यातून दोनदा तो शाळेच्या एका वर्गात भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला जातो. त्याने 'पुनःस्खलन' खोडून 'पाय घसरणे' लिहिले. विद्यार्थिनी म्हणाली, "काका, शास्त्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदाच घेतली ती एक, आणि पूर्ण परत गेला ती दुसरी. पहिलीतून सावरता येते, हे तर शिकवायचे आहे." दादा म्हणाला, "मग सोपं आहे. पहिल्याला लिही पाय घसरला. दुसऱ्याला लिही परत लागली." दोन्ही तसेच ठेवले.

एका शब्दावर मात्र आमचे जमले नाही. आम्ही 'मद्यपी' काढून सर्वत्र 'दारूचा आजार असलेली व्यक्ती' असे केले होते. दादाला ते पटेना. "मी बैठकीत उभा राहून काय म्हणतो, ठाऊक आहे ना? मी अल्कोहोलिक. ते माझं मी म्हणतो." आम्ही म्हणालो, तू म्हणणे वेगळे आणि वहीने म्हणणे वेगळे. तो म्हणाला, "तुझी वही माझ्यासाठीच आहे ना?" विद्यार्थिनी दोघांकडे पाहत राहिली. ती जागा अजून पेन्सिलीतच आहे.

यंदा १ जानेवारीला दादाने मथळा मोठ्याने वाचला आणि विचारले, "तळीराम मरतो ना रे नाटकात?" आम्ही कपाटातून पुस्तक काढले. त्याच्या बिछान्यापाशी वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते तो प्रवेश. वर्ग इथे नेहमी हसतो, आम्हीही आवाज बदलून वाचत असू. या वेळी सरळ वाचला. दादा भिंतीला टेकून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "त्याला कुणीच काही विचारत नाही का रे?"