'थांबा' म्हणजे नक्की काय?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. लोणावळ्यात माझ्या पुतण्याने शेडमध्ये छोटं सीएनसी यंत्र बसवलंय. बंगल्यांच्या नावाच्या लाकडी पाट्या कोरायच्या, हा त्याचा छंद. यंत्र चालतं 'लिनक्ससीएनसी' या मोफत प्रोग्रामवर. याचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत. गंमत म्हणजे त्याच्या स्क्रीनशेजारी आपलं स्वतःचं पॅनेल जोडता येतं. 'ग्लेड'मध्ये बटणं मांडायची, त्यांवर मराठी लिहायचं आणि एकेकाची यंत्राच्या कामाशी गाठ घालायची. आतला जी-कोड तोच राहतो.

मदतीला येणारे मावळातले मिस्त्री इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून हा खटाटोप. शब्द शोधायचं काम अर्थातच मराठीच्या मास्तरांकडे!

यंत्राला दोन शून्यं असतात. एक त्याचं स्वतःचं, 'होम' केल्यावर ठरणारं. दुसरं बांधलेल्या फळीवरचं, जिथून मापं मोजायची. मी 'यंत्रशून्य' आणि 'कार्यशून्य' सुचवलं. मिस्त्री हसले. म्हणाले, "गुरुजी, 'मूळ जागा' आणि 'फळीचा कोपरा' लिहा की!" तेच लिहिलं.

खरी अडचण 'पॉज'ची. सरळ अर्थ 'थांबा'. पण ते बटण दाबलं की सरकणं तेवढं थांबतं, कटर गरगर फिरतच असतो. 'थांबा' वाचून भुसा झटकायला कुणी हात घातला तर? परीक्षेत समानार्थी शब्द चुकला तर एक गुण जातो, इथे बोट जाईल. म्हणून आता बटणावर 'सरकणं थांबवा' आहे आणि खाली लाल अक्षरांत 'कटर फिरतोय!'

आणीबाणीचं बटण मात्र नुसतं स्क्रीनवर ठेवून भागत नाही. संगणकच अडकला तर ते काय कामाचं? त्यासाठी यंत्रावर खरंखुरं लाल बटण लावलंय. ते थेट वीज तोडतं.

आपल्याच जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. यंत्रं खेड्यात पोचतायत, त्यांच्या बटणांवरचे शब्दही तिथल्या माणसाला कळायला हवेत.

असो. 'जॉग'ला अजून मनासारखा शब्द मिळालेला नाही. सध्या 'हाताने सरकवा' लिहिलंय. कुणाला बरा शब्द सुचला तर जरूर कळवा. मिस्त्रींना विचारूनच पक्का करू!