चोचीला काम दे

प्रिय बाये,


तुझा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. राजहंसाची चार आणि कोंबडीची पंधरा पिल्लं एका खोक्यात, त्यात दोन पिल्लांच्या पाठी उघड्या पडलेल्या. शेजारी म्हणतात, चोची छाटून टाक. बाये, तेवढं करू नकोस. चोचीच्या टोकाला नसा असतात, छाटली की पिल्लाला दुखतं.

रक्त आलेलं पिल्लू आजच वेगळं काढ. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. एक उपटलं तरी थेंब येतो आणि लाल दिसलं की बाकीची तिथेच टोचत राहतात. जखम पुरती सुकल्यावरच त्याला परत सोड.

मग ऊब बघ. कोंबडीच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. हंसाचं पिल्लू भराभर वाढतं, त्याला ती लवकर नकोशी होते. उकाडा, दाटी आणि झगझगीत उजेड यांनी टोचणं वाढतं. बल्ब एका कोपऱ्यात घे, लाल असेल तर उत्तम. ज्याला ऊब हवी ते जवळ बसेल, ज्याला नको ते लांब जाईल. पाण्याच्या भांड्याखाली जाळीचा ट्रे ठेव. हंस नाकापर्यंत चोच बुडवून सगळं तूस भिजवतात, मग कोंबडीची पिल्लं गारठतात.

माझ्याकडे पहिल्या खेपेला असंच झालं होतं. एका हंसाला खोडकर समजून मी वेगळं कोंडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तेच सुरू केलं. तेव्हा उमगलं. हंस मुळात चरणारा. गवत ओढून तोडायलाच त्याची चोच घडलेली. खोक्यात गवत नाही, तर शेजारच्याची लव तो ओढणारच. मी कोवळ्या हरळीची जुडी चोचीच्या उंचीवर टांगली, कोंबडीच्या पिल्लांना उकरायला कोरड्या मातीचं घमेलं दिलं, हिरवं पचावं म्हणून बारीक वाळू ठेवली. टोचणं थांबलं.

खाद्यही बघ. प्रथिनं कमी पडली तरी पिल्लं पिसं खातात. हंसांना नायसिन जास्त लागतं. नाहीतर पाय अधू होतात. त्यांच्या खाद्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट मिसळ.

हंस अंगानं फार मोठे झाले की मध्ये जाळी घाल. एकमेकांना दिसतील, पण तुडवणार नाहीत.

आठवड्यानं कळव, पाठीवर नवी लव फुटली का.

तुझी,
मावशी