तोच खेळ, दोन भाषा

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले तेव्हा मी माहेरी, भुसावळला होते. रात्री नऊच्या आत जेवणे उरकून सगळे टीव्हीसमोर बसत. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले आणि आमच्या वडिलांनी घरचाच मुलगा जिंकल्यासारखे पेढे वाटले.

हा खेळ मूळचा ब्रिटनमधला, १९९८ सालचा. पुढे आपल्याकडच्या बऱ्याच भाषांनी तो घेतला. २०११ मध्ये सौरव गांगुली बंगालीत आणि शत्रुघ्न सिन्हा भोजपुरीत प्रश्न विचारू लागले. मराठीत तो २०१३ मध्ये आला, सचिन खेडेकर यांच्यासोबत. २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या नावाने नागराज मंजुळे यांनी तो सादर केला. समोरासमोरच्या दोन खुर्च्या, चार पर्याय, छातीत धडधड वाढवणारे ते संगीत, सगळीकडे सारखेच. मग फरक तो कशात? मला तो टीव्हीवर नाही, आमच्या घरात सापडला.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले. आपल्या गावाची तऱ्हा आपण जाणतोच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी. माझी मुलगी हिंदी माध्यमात शिकलेली. सासूबाई रावेर तालुक्यातल्या, चौथीपर्यंत शाळा झालेली. हिंदी कार्यक्रम लागला की मुलगी पटापट उत्तरे देई. सासूबाई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसत. अमिताभजींचे भारदस्त बोलणे त्यांना आवडे, पण उत्तर त्या कधीच देत नसत. त्यांना ही उत्तरे ठाऊक नसणार, असे मी धरून चालले होते.

मराठी कार्यक्रम पाहताना मात्र जपमाळ थांबू लागली. मंजुळे समोरच्या माणसाशी ओट्यावर बसून बोलावे तसे बोलत. त्याचे गाव विचारत, शेती विचारत. सासूबाई हळूच पुटपुटत, आणि बरेचदा ते उत्तर बरोबर निघे. आता गप्प बसायची पाळी मुलीची होती.

एका रविवारी मी घरीच हा खेळ मांडला. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहिले, काही हिंदीत, काही मराठीत. मुमताज महलचे निधन बुऱ्हाणपुरात कोणत्या साली झाले? मुलीने लगेच १६३१ सांगितले. बहिणाबाई चौधरींचे माहेर कोणते? मुलगी माझ्याकडे पाहू लागली. सासूबाई म्हणाल्या, “आसोदे.”

मग मी मुद्दाम एकच प्रश्न दोनदा विचारला. आधी हिंदीत, “ताप्ती नदी कहाँ से निकलती है?” मुलगी अडखळली, सासूबाई गप्प. थोड्या वेळाने मराठीत विचारले, “तापी कुठे उगम पावते?” माझे वाक्य पुरे व्हायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “मुलताईले. मूळ तापी ती. नावातच आहे ना!”

मी म्हटले, “आई, मघाशी हेच तर विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?”

त्या अगदी सहज म्हणाल्या, “अवं, मले वाटलं ते शायेतल्या पोराईसाठी आहे.”

प्रश्न त्यांना कळला होता. बाजारात त्या हिंदी बोलतच होत्या. पण त्या भाषेत विचारलेला प्रश्न आपल्यासाठी नाही, अशी त्यांची समजूत होती. इतकी वर्षे एका घरात राहून, एम.ए. झालेल्या सुनेने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. भाजीत मीठ किती, एवढेच काय ते विचारले असेल.

त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी, महिना दीड हजार मानधन मिळवणारी बाई. लोकांना नवल वाटले. सासूबाईंना मुळीच वाटले नाही. “तिले माहीत असंलच. कोणी विचारलं नसंल,” एवढेच त्या म्हणाल्या.

हे बोलणे मला वर्गात आठवू लागले. मी इतिहास शिकवते, हिंदीतून. मागच्या बाकांवर मराठी घरांतली, आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले बसतात. वर्षानुवर्षे त्यांच्या गप्प राहण्याला मी ‘अभ्यास नाही’ म्हणत आले. आता हिंदीत विचारलेला प्रश्न मी एकदा मराठीतही विचारते. दरवेळी उत्तर येतेच असे नाही. पण कुंडी भंडाऱ्याचे पाणी जमिनीखालून कसे वाहत येते, हे मागे एका मुलाने फळ्यावर खडूने काढून दाखवले, आणि ते माझ्या टिपणांपेक्षा नीट होते. त्याच्या आजोबांनी त्याला ते विहिरीच्या काठावर बसून समजावले होते.

करोड कोणाला मिळतील ते मिळोत. आपल्या घरात कोपऱ्यात बसलेल्या माणसाला एखादा प्रश्न त्याच्या भाषेत विचारून तर पाहावा.