झोपाळ्याची फळी

ज्या पांच वडांवरून पंचवटी हें नांव पडलें असें म्हणतात, त्या वडाचें लाकूड सुताराच्या फारसें कामाचें नाहीं. आणि जें कामाचें, तें सागवान व शिसवी आतां सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत राहिलेलें नाहीं. घरांत झोपाळा असावा, व त्याला सांधा नसलेली एकच दोन फूट रुंद फळी असावी, एवढीच आमची इच्छा. वखारींत गेल्यावर कळलें कीं, फळीची किंमत लांबीपेक्षां रुंदीनें चढते. आंकडा ऐकून आमच्या कुटुंबानें विचारलें, “आपल्याला तिच्यावर बसायचं आहे, कीं तिची पूजा करायची आहे?”

वखारवाल्याला दोष देण्यांत मात्र अर्थ नाहीं. सालीलगतचें पांढरट लाकूड वाळवी खाते. टिकतो तो गाभा. सरकारी जंगलांतला साग ५० ते ८० वर्षांचा झाल्यावर तोडण्याची रीत. लागवडीचा साग पुष्कळदां विशीतच कापतात, त्याला एवढा गाभा कोठून येणार? कापल्यावरही इंचभर जाडीस वर्षभर सुकवणी, असा जुना ठोकताळा आहे. त्यांत ब्रह्मदेशानें २०१४ सालीं ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०१७ पासून शिसवीच्या परदेशी व्यापारास आंतरराष्ट्रीय परवान्याचें बंधन आलें.

आश्चर्य आहे तें निराळेंच. गोदाकांठचे जुने वाडे उतरवतात, तेव्हां वाटण्यांनीं थकलेलीं घराणीं खांब, तुळया, चौकटी सारें उक्तें देऊन टाकतात. पेशवाईच्या सुमारास रुजलेलीं तीं झाडें असावींत! तेंच लाकूड रंधा मारून, ‘पुरातन’ म्हणून, मुंबईच्या दिवाणखान्यांत पोहोंचतें, तेव्हां त्याला मोल येतें. आम्हांला हें सलतें. परंतु गळक्या छपराखालीं पावसाळे काढणाऱ्याला लाकडाच्या अभिमानाचा उपदेश करण्यास आम्हांस तोंड नाहीं.

अखेर अशाच एका वाड्याची तुळई आम्हीं घेतली व तिच्या फळ्या चिरून घेतल्या. तुळई जेमतेम फूटभर रुंद. तेव्हां दोन फळ्या जोडणें आणि सांधा हें आलेंच. मध्यें करवतीला जुना खिळा लागला, आणि सुतारानें पात्याचे पैसे वेगळे घेतले. खिळ्याचें काळें भोंक तेवढें बुजवूं नका, असें आम्हीं त्याला बजावलें. झोपाळ्यावर बसणारें प्रत्येक मूल पहिल्यानें त्यांतच बोट घालतें.